तवंग गेल्यावर माशांत काय शोधायचं?

२०२० च्या मे महिन्याच्या अखेरीस दोन दिवसांच्या अंतराने दोन ठिकाणी इंधन गोड्या पाण्यात गेलं. २७ मे रोजी आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात बागजानची वायुविहीर फुटली. वायूबरोबर उसळलेलं कंडेन्सेट, म्हणजे पेट्रोलच्या जवळ जाणारं हलकं तेल, शेजारच्या मागुरी-मोटापुंग बिलावर, म्हणजे तिथल्या मोठ्या उथळ तळ्यावर, पसरलं. २९ मे रोजी रशियाच्या उत्तरेला नोरिल्स्कजवळ साठवण टाकी फुटली. तिच्यातून सुमारे २१ हजार टन डिझेल सांडलं आणि बरंचसं आंबार्नाया नदीत उतरलं. एकीकडे आसामातला उन्हाळा आणि उथळ पाणी, दुसरीकडे नुकता बर्फ वितळू लागलेली नदी. इंधन वेगळं, पाण्याचं तापमान वेगळं, मासेही वेगळे.

आपल्याकडे हेच लहान प्रमाणात नेहमी घडतं. घाटात टँकर उलटतो, डिझेल ओढ्यात जातं, दुसऱ्या दिवशी मासे उलटे तरंगतात, कोणीतरी पाण्याचा नमुना नेतं आणि पंधरा दिवसांनी अहवाल येतो: 'ऑइल अँड ग्रीस' मर्यादेत. गावात लगेच चर्चा सुरू होते की अहवाल मॅनेज केला. बहुतेक वेळा अहवाल खरा असतो, पण तो भलत्याच गोष्टीचं मोजमाप देतो.

मुळात इंधन हा एक पदार्थ नाही

पेट्रोल, डिझेल, रॉकेल ही शेकडो रसायनांची मिश्रणं आहेत. माशाच्या दृष्टीने त्यांचे ढोबळ तीन गट पडतात.

पहिला गट बेंझिन, टोल्युइन, झायलीन यांचा. पेट्रोल पंपावर नाकाला झोंबतो तो वास बराचसा यांचाच. हे पाण्यात चांगले विरघळतात: बेंझिन लिटरला सुमारे १.८ ग्रॅम, टोल्युइन त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. विरघळतात तसेच उडूनही जातात. वाहत्या, तापलेल्या पाण्यातून काही तासांत ते निघून जातात.

दुसरा गट पीएएच. बेंझिनसारखी दोन किंवा जास्त वलयं एकमेकांना चिकटली की जी रसायनं बनतात, त्यांना हे नाव आहे. डांबराच्या गोळ्यांना पूर्वी ज्याचा वास यायचा ते नॅफ्थलीन दोन वलयांचं. ते लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतं. तीन वलयांचं फेनान्थ्रीन जेमतेम १ मिलिग्रॅम, आणि पाच वलयांचं बेंझोपायरीन तर मिलिग्रॅमच्या काही हजाराव्या भागाइतकंच. वलयं वाढली की रसायन पाण्यात कमी राहतं आणि चरबीकडे, गाळाकडे जास्त ओढलं जातं.

तिसरा गट सरळ साखळीच्या तेलांचा. डिझेलचा मोठा भाग हाच. तो पाण्यात जवळजवळ उतरतच नाही, वर तवंग म्हणून दिसतो.

आता 'ऑइल अँड ग्रीस'ची चाचणी पाहा. पाण्यातलं तेल द्रावकात ओढून घेतात, द्रावक उडवून लावतात आणि भांड्यात उरलेल्या तेलाचं वजन करतात. द्रावक उडताना बेंझिन-टोल्युइन त्याच्यासोबतच जातात, डिझेलचा हलका भागही जातो. सांडपाण्यासाठी लिटरला १० मिलिग्रॅमची जी मर्यादा आहे ती या उरलेल्या तेलासाठी आहे. कारखान्याच्या सांडपाण्याला ही चाचणी ठीक आहे. पण पेट्रोलने मेलेल्या माशांचं कारण शोधायला ती लावली, तर जे शोधायचं तेच प्रयोगशाळेत उडवून लावल्यासारखं होतं.

प्रयोगशाळेत इंधनाचं पाणी कसं बनवतात?

काचेच्या टाकीत डिझेल ओतून वर मासे सोडले तर चाचणीला काही अर्थ राहत नाही. तेलाचे थेंब कल्ल्यांना चिकटतात, मासा गुदमरून मरतो आणि विषाचा परिणाम किती हे कळत नाही. म्हणून आधी इंधनाचा फक्त विरघळणारा भाग पाण्यात उतरवून घेतात. त्याला इथे आपण 'उतारा' म्हणू.

२० लिटरची काचेची बाटली घ्यायची, तळाशी तोटी असलेली. तिच्यात १६ लिटर पाणी भरायचं. लिटरला १०० मिलिग्रॅम या हिशेबाने इंधन घालायचं तर १.६ ग्रॅम लागेल. डिझेलची घनता ०.८३ धरली तर हे जेमतेम १.९ मिलिलिटर. काचेच्या सिरिंजने हळूच पाण्याच्या पृष्ठभागावर सोडायचं. किती घातलं ते सिरिंजचं आधी आणि नंतर वजन करून ठरवायचं, खुणा बघून नव्हे. झाकण घट्ट लावायचं. चुंबकी दांडीने १८ ते २४ तास अंधारात इतकं सावकाश ढवळायचं की भोवरा पडणार नाही. भोवरा पडला की तेलाचे बारीक थेंब पाण्यात शिरतात आणि मग आपण उताऱ्याऐवजी तेल-पाण्याची घुसळण मोजत बसतो. ढवळणं थांबवून काही तास निवळू द्यायचं. मग खालच्या तोटीने पाणी काढायचं, पहिली थोडी धार फेकून द्यायची आणि वरचा तवंग खाली यायच्या आत तोटी बंद करायची.

प्लास्टिकची बाटली, रबरी बूच, सिलिकॉनची नळी, यांतलं काहीही चालत नाही. पीएएच त्यांच्यात शोषले जातात. माशाला विष कमी पोचतं आणि इंधन आहे त्याहून सौम्य भासतं. काच आणि टेफ्लॉन, बस.

इथे एक सोपी वाटणारी पळवाट आहे. एकच कडक उतारा बनवायचा आणि तो पातळ करत न्यायचा. पण जास्त इंधन घातलेल्या आणि कमी इंधन घातलेल्या पाण्यातल्या रसायनांचं आपसातलं प्रमाण सारखं नसतं. कमी इंधनात विरघळणारे पदार्थ जवळजवळ सगळे उतरतात. जास्त इंधनात काहींची विरघळण्याची मर्यादा आधीच गाठली जाते. म्हणून प्रत्येक पातळीसाठी वेगळी बाटली लावणं हीच सचोटीची पद्धत. काम पाचपट वाढतं, पण आकड्याला अर्थ येतो.

९६ तासांची चाचणी

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०३ क्रमांकाची पद्धत जगभर वापरतात. किमान पाच पातळ्या, प्रत्येकीत किमान सात मासे आणि एक टाकी निव्वळ स्वच्छ पाण्याची. शेजारच्या दोन पातळ्यांत २.२ पटींहून जास्त अंतर नको. चाचणीच्या आधीचा दिवस आणि पुढचे चार दिवस खाणं बंद, कारण खाल्लं की विष्ठा, विष्ठा आली की अमोनिया. स्वच्छ टाकीत १० टक्क्यांहून जास्त मासे मेले तर चाचणी रद्द. पाण्यात जास्तीत जास्त मावतो त्याच्या ६० टक्क्यांखाली ऑक्सिजन गेला तरी रद्द.

मासे किती आणि पाणी किती याचा हिशेब इंधनाच्या बाबतीत फार महत्त्वाचा. स्थिर पाण्यात लिटरमागे ०.८ ग्रॅमपेक्षा जास्त मासा नको. रोहूची २ ग्रॅमची बोटुकली घेतली तर सात बोटुकल्यांना १७.५ लिटर पाणी लागतं. टाकी लहान घेतली की ऑक्सिजन घसरतो. मग कोणीतरी एअर पंपाची नळी सोडतं, आणि त्या बुडबुड्यांबरोबर बेंझिन-टोल्युइन खोलीभर पसरतं. चौथ्या दिवशी मासे मजेत पोहत असतात, कारण ते पहिल्या संध्याकाळपासूनच जवळजवळ स्वच्छ पाण्यात होते. उपाय असा: झाकण लावलेली टाकी, भरपूर पाणी, दर २४ तासांनी ताजा उतारा, आणि बदलण्याच्या आधी व नंतर रसायनं प्रत्यक्ष मोजणं. 'इतकं इंधन घातलं' एवढंच लिहिलेल्या अहवालावर फारसा विश्वास ठेवू नये.

निकाल 'एलसी-५०' या आकड्यात देतात: ९६ तासांत निम्मे मासे मरतील अशी पातळी. (प्रत्येक पातळीला वेगळा उतारा लावला असेल तर तो आकडा घातलेल्या इंधनाचा असतो.) समजा लिटरला १२.५ आणि २५ मिलिग्रॅमला एकही मेला नाही, ५० ला सातातले दोन, १०० ला सहा आणि २०० ला सगळे. मग आकडा ५० आणि १०० च्या मध्ये, लॉगच्या मापाने ६५ च्या आसपास येतो.

या आकड्याचा सर्वांत मोठा गैरवापर म्हणजे त्याच्या खालचं सगळं सुरक्षित समजणं. ६५ ला निम्मे मरतात याचा अर्थ २५ ला काही होत नाही असा नाही. २५ ला चार दिवसांत कोणी मरत नाही, एवढंच ही चाचणी सांगते. आपल्या पर्यावरण नियमांतही सांडपाण्यासाठी अशीच अट आहे: निव्वळ सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत हवेत. जिवंत आहेत, पण ते पुढे वाढतील का, विणीला येतील का, हा प्रश्न त्या अटीत नाही.

'मोठे मासे तर जगले, मग बिघडलं काय?'

अंड्यांचं पाहायला हवं. १९८९ च्या मार्चमध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डेझ या जहाजातून कच्चं तेल सांडलं. तिथले गुलाबी साल्मन ओढ्यांच्या तोंडाशी खडीत अंडी घालतात. पुढच्या वर्षांत केलेल्या प्रयोगांत दिसलं की लिटरला काही मायक्रोग्रॅम पीएएच असलेल्या पाण्यात वाढलेली अंडी फुटतात, पिल्लं पोहतात, समुद्रात जातात. पण मोठी होऊन परत येणाऱ्यांची संख्या घटते. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग.

कारण हृदयात सापडतं. फेनान्थ्रीनसारखे तीन वलयांचे पीएएच हृदयाच्या पेशींतली पोटॅशियम आणि कॅल्शियमची ये-जा बिघडवतात. ठोके मंदावतात, चुकतात. भ्रूणाचं हृदय घडत असतानाच हे झालं तर त्याचा आकारच बिघडतो.

हे मोजायला झेब्राफिश वापरतात. मूळचा आपल्याच उपखंडातला, काडीएवढा मासा. त्याचं अंडं पारदर्शक असतं. सूक्ष्मदर्शकाखाली ४८ तासांचा भ्रूण धरला तर हृदय लुकलुकताना दिसतं. मिनिटाला साधारण १२० ते १८० ठोके; १५ सेकंद मोजून चौपट करायचे. बिघडलेल्या भ्रूणात हृदयाभोवती पाण्याची पिशवी फुगलेली असते, बलकाची पिशवी सुजते आणि शेपटी वाकते. पाणी मात्र २६ अंशांवर स्थिर हवं. दोन-तीन अंशांनी वर गेलं की ठोके आपोआप वाढतात आणि इंधनाचा परिणाम झाकला जातो.

गंमत अशी की भ्रूणाची प्रमाणित चाचणी, ओईसीडी २३६, फक्त चार गोष्टी नोंदवायला सांगते: अंडं गोठलं का, शरीराचे खंड पडले नाहीत का, शेपूट बलकापासून सुटली नाही का आणि हृदय थांबलं का. सुजलेलं, मंदावलेलं, पण चालू असलेलं हृदय तिच्या लेखी जिवंत. इंधनासाठी ही चाचणी करायची तर सूज आणि ठोके वेगळे नोंदवावेच लागतात.

दुसरी फट उजेडाची. अँथ्रासीन, फ्लुओरान्थीन अशी काही पीएएच अंगात असताना मासा उन्हात आला तर अतिनील किरणांमुळे त्यांचं विष अनेक पटींनी वाढतं. पारदर्शक पिल्लाला लपायला कातडीचा रंगही नसतो. प्रयोगशाळेतल्या ट्यूबलाइटमध्ये ही किरणं जवळपास नसतात, त्यामुळे तिथला 'सुरक्षित' आकडा उथळ तळ्यातल्या उन्हाला लागू पडेलच असं नाही. आपल्याकडे हे जास्त जाचतं. रोहू-कटला पावसाळ्याच्या पुरात अंडी घालतात आणि रस्ते, गॅरेज, पंपांच्या आवारात आठ महिने साचलेलं तेल धुऊन आणणारा पाऊसही त्याच सुमाराला पडतो.

'माशाच्या मांसात काहीच सापडलं नाही'

हा आक्षेप सगळ्यात जास्त येतो, आणि तो चुकीच्या जागी शोधल्यामुळे येतो. माशाचं यकृत पीएएच झपाट्याने फोडतं आणि पित्तात ढकलतं. मांसात थोडंच उरतं. शिंपल्यांना ते नीट जमत नाही, म्हणून त्यांच्यात साठा सापडतो. माशात बघायचं तर यकृत आणि पित्त बघायला हवं.

यकृतात पीएएच आले की त्यांना फोडणारं एक विकर वाढतं. ते किती वाढलं हे 'इरॉड' चाचणीने मोजतात: यकृताच्या अर्कात एक ठरावीक रसायन घालायचं, विकर त्याचा गुलाबी चमकणारा पदार्थ बनवतं, ती चमक मोजायची. एक गोष्ट इथे नीट समजून घ्यावी. माळ्यावरची मोठी पातेली खाली आलेली दिसली की घरात कार्य आहे हे कळतं. जेवणाऱ्यांची पोटं बिघडली का हे पातेल्यांवरून कळत नाही. इरॉड वाढणं हा संपर्काचा पुरावा आहे, इजेचा नव्हे.

शिवाय इरॉड लहरी आहे. इंधन आल्यावर ते काही दिवसांत चढतं आणि संपर्क थांबला की उतरतं, म्हणजे महिन्याने पोचलेल्या पथकाला काहीच दिसणार नाही. गाभोळी भरलेल्या मादीत संप्रेरकांमुळे ते दबलेलं असतं, म्हणून नर आणि मादी वेगळे मोजायचे. विष फार जास्त असेल तर विकरच मार खातं आणि आकडा उलट खाली येतो. यकृत काढल्याबरोबर द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून नंतर उणे ८० अंशांवर ठेवावं लागतं. बर्फाच्या पेटीत दुपारभर राहिलं तर विकर मेलेलं असतं.

पित्ताचं काम त्यामानाने सोपं. पित्ताशयात बारीक सुई घालून पित्त ओढायचं, तपकिरी नळीत गोठवायचं आणि नंतर ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश टाकून चमक मोजायची. २९० नॅनोमीटर टाकून ३३५ ला चमक बघितली की नॅफ्थलीनच्या घरची रसायनं दिसतात, म्हणजे पेट्रोल-डिझेलचा संशय. ३८० टाकून ४३० ला बघितली की बेंझोपायरीनच्या घरची, म्हणजे बहुधा जळालेलं इंधन, धूर, काजळी. अडचण एकच: उपाशी माशाचं पित्त घट्ट होतं आणि आकडा उगाच फुगतो. म्हणून पित्तातलं प्रथिन किंवा हिरवं रंगद्रव्य मोजून त्याच्याशी भागतात.

इजा बघायची तर कल्ले कापून काचपट्टीवर घ्यावे लागतात. कल्ल्याच्या बारीक पाकळ्या सुजून एकमेकींना चिकटल्या आहेत का, वरची त्वचा सुटली आहे का हे दिसतं. पण कल्ला मासा मेल्यावर काही मिनिटांतच सडू लागतो, आणि सडलेला कल्ला विष लागलेल्या कल्ल्यासारखाच दिसतो.

'हे इंधनानेच झालं कशावरून?'

रास्त प्रश्न आहे. उन्हाळ्यात पहाटे ऑक्सिजन संपून मासे मरणं आपल्या तलावांना नवीन नाही. शिवाय इंधन स्वतःही ऑक्सिजन खातं: तवंगामुळे हवा पाण्यात शिरायला अडथळा होतो आणि इंधन फस्त करणारे जिवाणू श्वास घेतात.

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्याचा हिशेब करून पाहा. एका लिटरात २०० मिलिलिटर, म्हणजे सुमारे १५८ ग्रॅम इथेनॉल. एक ग्रॅम पूर्ण कुजायला २.०९ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. एकूण ३३० ग्रॅम. चांगल्या पाण्यात लिटरला ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. म्हणजे फक्त इथेनॉलपायी ४१ हजार लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन खर्ची पडेल. प्रत्यक्षात वरून हवा मिसळत राहते, पण डोहात, उन्हाळ्यात, हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. आणि इथेनॉलचा तवंग येत नाही.

कोण मेलं यावरून थोडा अंदाज येतो. मरळ वर येऊन हवा गिळतो, त्याला ऑक्सिजन कमी झालेला चालतो. रोहू-कटला मेले आणि मरळ जिवंत असेल तर आधी ऑक्सिजनवर संशय घ्यावा. मरळही मेला असेल तर विषाकडे, किंवा हवा घ्यायला वर येताना तोंडात गेलेल्या तवंगाकडे बघावं.

पक्कं उत्तर मात्र तुलनेतूनच येतं. सांडल्याच्या जागेच्या वर आणि खाली, एकाच जातीचे, फार न फिरणारे लहान मासे पकडायचे. कॅनडात कारखान्यांच्या पाहणीसाठी प्रत्येक जागी २० प्रौढ नर आणि २० प्रौढ माद्या घेतात. लांबी, वजन, यकृताचं वजन, गाभोळीचं वजन. यकृत किंवा गाभोळी वरच्या जागेपेक्षा २५ टक्क्यांनी वेगळी दिसली तर ती दखल घेण्याजोगी मानतात. वरचा प्रवाह आधीच घाण असेल तर शेजारची उपनदी घ्यावी. सांडण्यापूर्वीची नोंद असेल तर सोन्याहून पिवळं, पण ती सहसा कोणाकडे नसते.

पहिल्या काही तासांत काय घ्यावं

प्रयोगशाळेतले लोक येईपर्यंत गावातले मच्छीमार, मत्स्यव्यवसाय विभागाचा माणूस किंवा तलाव ठेक्याने घेतलेली सोसायटी पुष्कळ काही वाचवू शकते. विरघळलेला ऑक्सिजन आणि तापमान ताबडतोब मोजावं, मीटर नसेल तर नमुन्यात जागच्या जागी विंकलरची, म्हणजे ऑक्सिजन बांधून ठेवणारी, रसायनं घालून तो स्थिर करावा. बेंझिन गटासाठी ४० मिलिलिटरची काचेची कुपी काठोकाठ भरावी, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. पीएएचसाठी एक लिटरची तपकिरी काचेची बाटली. दोन्ही पाण्याखाली नेऊन मगच उघडाव्यात, नाहीतर वरचा तवंग आत येतो आणि आकडा भलताच फुगतो. दोन्ही बर्फात, उन्हाबाहेर.

मासा तरंगणारा नको, तडफडणारा हवा. मेलेल्याचा उपयोग मोजणीपुरता: जात, अंदाजे लांबी, किती अंतरात किती. तो बाजारात मात्र जाता कामा नये. ज्याला रॉकेलचा वास येतो तो शिजवल्यावर जास्तच येतो, आणि शिंपले-खेकडे माशांपेक्षा उशिरा साफ होतात.

आणि जे सांडलं त्याचाही नमुना घ्यावा. टँकरच्या झडपेतून पन्नास मिलिलिटर, काचेच्या बाटलीत, टेफ्लॉनच्या अस्तराच्या झाकणाखाली. गाळात आणि पित्तात सापडलेली रसायनं याच डिझेलची की जवळच्या गॅरेजच्या गटारातली, हे त्याच्याशी जुळवूनच ठरतं. टँकर क्रेनने उचलून नेला की तो नमुना पुन्हा मिळत नाही.